विश्लेषण : बिशप नसलेले चर्च चालते कसे? विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन आणि प्रेस्बिटेरियन पंथाची गोष्ट

मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन कॉलेज बहुतेकांना माहीत आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जॉन विल्सन स्कॉटलंडमधून आलेले मिशनरी होते. मराठी शिकलेले, संस्कृत वाचणारे, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विल्सन ज्या पंथाचे होते, त्याचे नाव प्रेस्बिटेरियन. या पंथात बिशप नसतो. निर्णय सभेत होतात आणि त्या सभेत सामान्य सभासदांनी निवडलेली माणसे बसतात. याच पद्धतीच्या रक्षणासाठी १८४३ मध्ये विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले मूळ चर्च सोडले. त्यासोबत मुंबईत उभी केलेली मालमत्ताही गेली. हा पंथ नेमका काय मानतो, त्याचा कारभार कसा चालतो आणि महाराष्ट्रात त्याने काय काम केले, हे विल्सन यांच्या आयुष्याच्या आधारे समजून घेऊ.

प्रेस्बिटेरियन म्हणजे काय?

ग्रीक भाषेत ‘प्रेस्बिटेरॉस’ म्हणजे वडीलधारा माणूस. मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये त्यासाठी ‘वडील’ हाच शब्द वापरला जातो. वडिलांच्या सभेने चालणारे चर्च ते प्रेस्बिटेरियन चर्च. सोळाव्या शतकात जिनिव्हात जॉन कॅल्विन यांनी मांडलेला विचार जॉन नॉक्स यांनी स्कॉटलंडमध्ये नेला. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता नाकारली आणि या पंथाची तिथे पायाभरणी झाली.

श्रद्धेच्या बाबतीत या पंथाचा मुख्य आधार बायबल. धर्माच्या प्रश्नात शेवटचा शब्द बायबलचा, कोणा व्यक्तीचा नाही, असे तो मानतो. देव सर्वसत्ताधीश आहे आणि माणसाचे तारण त्याच्या कृपेने होते, पुण्यकर्माच्या हिशेबाने नाही, ही त्याची शिकवण. १६४० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेला ‘वेस्टमिन्स्टर विश्वासनामा’ हा त्याचा प्रमुख श्रद्धालेख. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार हा पंथ मानतो. लहान मुलांचाही बाप्तिस्मा होतो.

कारभार : मावळातल्या गोतसभेशी तुलना का करता येईल?

भोर आणि वेल्ह्याच्या वाचकांना ही पद्धत समजायला फार लांब जावे लागणार नाही. बारा मावळांपैकी रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे हा सगळा याच दोन तालुक्यांच्या आसपासचा मुलूख. शिवकाळात आणि त्याआधीही इथले वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि निवाडा महजरात लिहून त्यावर आपापली निशाणी करत. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जेधे आणि खोपडे यांच्यात झालेला वाद इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे.

प्रेस्बिटेरियन चर्चही असेच सभेने चालते. त्याच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी स्थानिक मंडळीची. पाळक आणि मंडळीचे वडील मिळून होते ते ‘सेशन’. कोणाला सभासद करायचे, कोणाला समज द्यायची, हे इथे ठरते. दुसरी पायरी ‘प्रेस्बिटरी’. एका भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे पाळक आणि वडिलांचे प्रतिनिधी तिथे बसतात. पाळकाला दीक्षा देण्याचा अधिकार या सभेचा. तिसरी पायरी अनेक प्रेस्बिटरींची मिळून ‘सिनॉड’. सर्वात वर ‘जनरल असेंब्ली’, म्हणजे महासभा. तिच्या अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात. तो वर्षभरापुरता निवडला जातो. तो सभा चालवतो, हुकूम देत नाही. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागता येते.

सगळे पाळक एकाच दर्जाचे असतात. त्यांच्यावर बिशप नसतो, हा या रचनेचा कणा.

गोतसभा आणि या पद्धतीत एक मोठा फरक मात्र आहे. गोतसभेतली जागा बहुतांशी वतनाने, म्हणजे वारशाने येई. प्रेस्बिटेरियन वडील वारशाने होत नाही, त्याची निवड करावी लागते. पण निवडीचा हा अधिकार स्त्रियांना समान मिळायला फार वेळ लागला. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये स्त्रियांना वडील होता आले ते १९६६ मध्ये आणि पाळक होता आले १९६८ मध्ये.

जॉन विल्सन कोण होते?

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातल्या लॉडर या छोट्या गावात, शेतकरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. १८२८ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघे स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे भारताकडे निघाले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईत उतरले.

मुंबईत काम सुरू करण्याआधी त्यांना मराठी शिकायची होती. त्यासाठी ते कोकणात गेले. सोसायटीचे पहिले केंद्र १८२३ पासून बाणकोटला होते. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेले की सावित्री नदी लागते. ती जिथे समुद्राला मिळते, तिथे बाणकोट. तिथे आणि हर्णैला राहून विल्सन यांनी काही महिन्यांत मराठीत प्रवचन देण्याइतकी तयारी केली. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत आणि फारसीचाही त्यांनी अभ्यास केला.

१८३१ मध्ये त्यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची छोटी एतद्देशीय मंडळी स्थापन केली. १८३२ मध्ये इंग्रजी शाळा सुरू झाली. हीच शाळा वाढत वाढत पुढे विल्सन कॉलेज झाली. मार्गारेट यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या. पुण्यात भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे मार्गारेट यांचे काम त्याच्या दीड दशकाहून जास्त आधीचे. मात्र हे काम फार दिवस त्यांच्या हातून झाले नाही. १८३५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

धर्मचर्चा की धर्मनिंदा?

विल्सन यांचे काम शाळांपुरते नव्हते. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि त्यासाठी ते जाहीर वादात उतरत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा वाद झाला. मोरभटांनी ‘श्री हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले. विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. मग साताऱ्याच्या नारायणराव यांनी हिंदू बाजू मांडली आणि १८३४ मध्ये विल्सन यांचे दुसरे उत्तर आले. मराठी छापील वादविवादाच्या सुरुवातीच्या काळातले हे महत्त्वाचे टप्पे मानले जातात. विल्सन यांची भाषा अनेकांना बोचली आणि ते साहजिक होते. समोरच्याचा धर्म खोटा ठरवणे हाच त्या पुस्तकांचा उद्देश होता. पारशी धर्मावरचे त्यांचे १८४३ चे पुस्तकही याच वळणाचे.

त्याच वेळी या देशाच्या भूतकाळात त्यांना खरा रस होता. १८३५ मध्ये त्यांनी गिरनारच्या शिलालेखाला भेट दिली. त्याचा ठसा करवून घेऊन तो त्यांनी जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचवला. अशोकाचे लेख वाचण्यात प्रिन्सेप यांना त्याची मदत झाली. कोकणातल्या बेने इस्रायल समाजासाठी विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवर त्यांचे टिपण आहे. लेण्यांची नोंद आणि जतन करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे तेच प्रमुख होते.

धनजीभाई आणि श्रीपती : निर्णय कोणाचा?

१८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत खळबळ उडाली. पारशी समाजाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. धनजीभाईंना न्यायालयापुढे उभे करण्यात आले. ते स्वतःचा निर्णय घेऊ शकतात असे ठरले आणि त्यांनी विल्सन यांच्याकडे राहणे पसंत केले. शाळेतले बहुतेक पारशी विद्यार्थी पालकांनी काढून घेतले. शाळा जवळपास ओस पडली.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, पुन्हा असाच प्रसंग आला. विल्सन तेव्हा रजेवर गेले होते. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला बाप्तिस्मा दिला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अल्पवयीन होता. त्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलगा घरी आला, पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे का, यावर मुंबईतला हिंदू समाज दुभंगला. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी बाजू ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली. सनातनी पक्षाने कडाडून विरोध केला आणि बाळशास्त्रींना त्याचा मोठा त्रास झाला.

दोन्ही प्रकरणांत मूळ प्रश्न एकच होता. माणसाच्या श्रद्धेचा निर्णय कोणी करायचा? त्याने स्वतः, कुटुंबाने, जातीने की न्यायालयाने? गंमत अशी की त्याच वर्षी विल्सन यांच्या मायदेशात त्यांचे स्वतःचे चर्चही याच प्रश्नावर फुटत होते.

१८४३ : चर्च का फुटले?

स्कॉटलंडमध्ये कागदावर सभेची पद्धत असली, तरी एक मेख होती. १७१२ च्या कायद्याने अनेक गावांमध्ये पाळकाचे नाव सुचवण्याचा हक्क तिथल्या जमीनदाराला मिळाला होता. मंडळीला तो माणूस नको असला तरी तो माथी मारला जाई. १८३४ मध्ये महासभेने नियम केला की, मंडळीतल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर त्या पाळकाची नेमणूक होणार नाही.

त्याच वर्षी ऑख्टरार्डर या गावात कसोटी लागली. जमीनदाराने रॉबर्ट यंग यांचे नाव दिले. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध केला. पाठिंब्याच्या कागदावर सह्या फक्त दोघांच्या होत्या. प्रेस्बिटरीने नेमणूक नाकारली. यंग कोर्टात गेले आणि जिंकले. १८३९ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे मंडळीच्या मतापेक्षा जमीनदाराचा मालकी हक्क मोठा ठरला.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरात महासभा भरली, तेव्हा पाळकांचा मोठा गट निषेधपत्र ठेवून सभागृहातून उठून गेला. थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ स्थापन झाले. एकूण सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७४ जण बाहेर पडले. त्यांना पगार, राहते घर आणि चर्चची इमारत यावर पाणी सोडावे लागले. कित्येक मंडळ्यांनी पुढचे काही महिने उघड्यावर उपासना केली.

मुंबईवर काय परिणाम झाला?

भारतातल्या मिशनऱ्यांपुढे दोनच पर्याय होते. सरकारमान्य चर्चमध्ये राहिले तर शाळा, इमारती, ग्रंथालये, पैसा सगळे हाती राहणार होते. फ्री चर्चकडे गेले तर काहीच नाही, कारण मालमत्ता कायद्याने जुन्या चर्चची होती. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या भारतातल्या सर्व मिशनऱ्यांनी फ्री चर्चची निवड केली. रजेवर मायदेशी पोहोचलेले विल्सनही त्यात होते.

मुंबईतल्या शाळेची इमारत, पुस्तके आणि साधने सोडावी लागली. चौदा वर्षांच्या कष्टाने उभे केलेले घर दुसऱ्याच्या हाती देऊन भाड्याच्या जागेत पुन्हा वर्ग भरवायचे होते. विल्सन १८४७ मध्ये मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्यापुढे हेच काम होते. फ्री चर्चच्या शाळेला आंब्रोळीत स्वतःची इमारत मिळायला १८५५ उजाडले.

हे पाऊल मोठे असले तरी त्यातली विसंगती नजरेआड करता येत नाही. स्कॉटलंडमधल्या गावकऱ्याला आपला पाळक निवडता यावा म्हणून घरदार सोडणारे हे चर्च भारतात परदेशी पैशावर आणि कंपनी सरकारच्या छत्राखाली काम करत होते. १८५७ च्या उठावाच्या काळात पकडलेली, अनोळखी लिपीतली पत्रे वाचून देण्यासाठी सरकारने विल्सन यांचीच मदत घेतली होती.

तरीही सभेच्या पद्धतीचा एक परिणाम झाला. या पंथात पाळकांमध्ये वरचा-खालचा दर्जा नसल्याने दीक्षा मिळालेला भारतीय पाळक प्रेस्बिटरीत युरोपीय पाळकाशेजारी बसू शकत होता. धनजीभाईंना १८४६ मध्ये स्कॉटलंडमध्ये दीक्षा मिळाली, नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये मुंबईत. शेषाद्रींनी पुढे जालना परिसरात काम उभे केले आणि तिथे ‘बेथेल’ ही वसाहत वसवली. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी हेही पुण्यात फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले.

पुणे जिल्ह्याशी नाते काय?

याच स्कॉटिश मिशनचे पुण्यातले काम जेम्स मिचेल पाहत होते. त्यांच्या मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात एक विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव जोतीराव फुले. म्हणजे १८४३ ची फूट झाली तेव्हा फुले याच शाळेच्या बाकावर होते. फुल्यांनी मिशनऱ्यांचे शिक्षण घेतले, त्यांच्या शाळांचे मोल मान्य केले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

पुण्यात ‘मिशन’ म्हटले की पंचहौद आठवते. १८९० मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांनी तिथे चहा घेतल्याचे प्रकरण गाजले. पण पंचहौद हे अँग्लिकन, म्हणजे बिशप असलेल्या पंथाचे मिशन. प्रेस्बिटेरियनांशी त्याचा संबंध नाही.

भोर तालुक्यातल्या नसरापूरचीही अशीच गल्लत होते. पंत सचिवांच्या भोर संस्थानातल्या या गावात ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’चे केंद्र होते. १८९३ मध्ये स्थापन झालेले हे मिशन कोणत्याही एका पंथाचे नव्हते. वेगवेगळ्या पंथांचे लोक त्यात काम करत.

महाराष्ट्रातल्या प्रेस्बिटेरियन कामाचा दुसरा मोठा पट्टा दक्षिणेकडे आहे. कोल्हापूर परिसरातले मिशन १८७० पासून अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाखाली आले. त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. मिरज वैद्यकीय उपचारांसाठी प्रसिद्ध झाली, त्यामागे हे रुग्णालय आहे. सांगली-मिरजेजवळचे वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाचे.

विल्सन यांची अखेरची वर्षे

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या जडणघडणीत विल्सन होते. पुढे ते कुलगुरू झाले. आफ्रिकेतले संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले, तेव्हा आपल्यासोबतची चुमा आणि विकातानी ही दोन आफ्रिकी मुले त्यांनी विल्सन यांच्या शाळेत ठेवली होती. १८७० मध्ये फ्री चर्चने विल्सन यांना महासभेचे मॉडरेटर निवडले. या पंथात याहून मोठा मान नाही. तो वर्षभरापुरताच असतो. मान संपल्यावर ते मायदेशी थांबले नाहीत, मुंबईला परतले.

१८७४ मध्ये ब्रिटिश संसदेने जमीनदारांचा तो हक्क रद्द केला. ज्या नियमासाठी तीन दशकांपूर्वी चर्च फुटले होते, तो नियमच गेला. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १८७५ रोजी, मलबार हिलवरच्या घरी विल्सन यांचे निधन झाले. चौपाटीसमोरची कॉलेजची सध्याची इमारत १८८९ ची, म्हणजे त्यांनी ती पाहिली नाही. स्कॉटलंडमधल्या दोन्ही चर्चचे मुख्य प्रवाह १९२९ मध्ये एकत्र आले.

आज हा पंथ कुठे आहे?

महाराष्ट्रात प्रेस्बिटेरियन हे नाव आता फारसे ऐकू येत नाही. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. त्यात तडजोड झाली. प्रेस्बिटेरियनांनी बिशप स्वीकारला आणि बिशपवाल्यांनी सिनॉडची निवडून आलेली सभा. त्यामुळे इथे आज बिशप दिसतो, पण सभेशिवाय त्याचा कारभार चालत नाही. जुनी रचना बऱ्याच अंशी जशीच्या तशी पाहायची असेल तर मिझोरामकडे पाहावे लागेल. तिथले प्रेस्बिटेरियन चर्च राज्यातले सर्वात मोठे आहे.

ऑख्टरार्डरच्या २८७ कुटुंबप्रमुखांचा प्रश्न मात्र एका पंथापुरता नाही. देवस्थानचा ट्रस्ट असो, सहकारी संस्था असो वा शिक्षण मंडळ, जिथे सभासदांच्या नावाने कारभार चालतो तिथे सभासदांचा नकार मोजला जातो का, हे विचारावेच लागते. विल्सन यांच्या पिढीने त्याचे उत्तर इमारत सोडून दिले. त्यांनी इतरांच्या धर्मांवर केलेली टीका कालबाह्य झाली. तो प्रश्न अजून तसाच आहे.